आधी आकार, मग नाव

नगराळे मास्तरांनी मला एकदाच मारलं. डाव्या हाताने, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता. कानशिलावर बसलेल्या त्या फटक्याने माझा चष्मा टेबलाखाली गेला आणि ऑफिसातले दोन कारकून उठून उभे राहिले. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, बी.एस्सी. झालेला, हुद्द्याने आणि पगाराने मास्तरांच्या वरचा. तक्रार केली असती तर त्यांची नोकरी गेली असती. मी केली नाही. ती थप्पड माझ्या हक्काची होती. ती का बसली हे सांगायचं तर आधी मास्तर कसे होते ते सांगावं लागेल.

यवतमाळच्या बाहेर, माळाला लागून, कापसावरच्या किडींचा अभ्यास करणारं एक लहानसं सरकारी ठाणं होतं. तीन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे कापसाचं वावर. सत्तावन्न साली मी तिथे सहायक म्हणून लागलो. आमच्या तांड्यातला मी पहिला पदवीधर. माझे आजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडले, बापाने जमीन धरली, आणि मी यवतमाळच्या वसतिगृहात राहून शिकलो. नोकरीचा हुकूम आला तेव्हा याडीने, म्हणजे माझ्या आईने, तो कागद कुंकू लावून फळीवर ठेवला आणि महिनाभर कुणाला हात लावू दिला नाही. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मलाही कागदावर छापलेल्याबद्दल जवळजवळ तसाच आदर होता. पुस्तकात आहे ते खरं, आणि सरकारी पत्रात आहे ते त्याहून खरं, असं मी धरून चालायचो.

सुदाम नगराळे तिथे ड्राफ्ट्समन होते. किडींची चित्रं काढायची, आणि हंगाम नसताना त्या किडी ज्या रानटी झाडांवर दबा धरून राहतात त्या पेटारीची, रानभेंडीची चित्रं काढायची, हे त्यांचं काम. उंच, हडकुळा माणूस. मान कायम पुढे वाकलेली, जणू टेबलावरून उठल्यावरही भिंग डोळ्यालाच आहे. अंगाला डांबरगोळ्यांचा वास. सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण ते कधी शाळेत शिकवायला नव्हते. ते त्याच ऑफिसात झाडू मारायला लागले होते. कपाटात इंग्रजी अमदानीतला एक जाड चित्रसंग्रह होता, रानफुलांचा आणि किड्यांचा. दुपारी साहेब जेवायला गेले की हे तो उघडून जमिनीवर बसायचे आणि बिलांच्या पाठकोऱ्या कागदांवर नकला काढायचे. चार वर्षं त्यांनी असं केलं. संग्रहातल्या प्रत्येक पानाखाली एका गोऱ्या साहेबाचं नाव होतं. चित्रं काढणारे हात इथलेच होते, पण त्यांची नावं कुठेच नव्हती. मास्तर त्या हातांना ओळखायचे. "हा डावरा होता," एका पानावर बोट ठेवून मला म्हणाले होते, "सावली पाहा कुठून पडली. आन् हा दुसरा लबाड. याने पंखाच्या शिरा मनानं काढल्या. याले कोनी मारलं नसन, म्हणून लबाड राह्यला."

मारणं हा शब्द त्यांच्या बोलण्यात नेहमी असायचा. आमच्या कामाचाच तो भाग होता. सायनाइडवर प्लास्टर ओतलेली रुंद तोंडाची बाटली, टाचण्या, बारीक कात्र्या. अळी मेली की तासाभरात तिचा रंग उडतो, म्हणून मास्तर आधी ती जिवंत असताना रंग टिपून घ्यायचे आणि मग बाटलीत टाकायचे. टाकल्यावर बूच लावून दुसरीकडे बघायचे नाहीत. शेवटची वळवळ थांबेपर्यंत नजर हलायची नाही. आमचा एक कारकून या वेळी तोंड फिरवायचा. त्याला एकदा मास्तरांनी मान धरून बाटलीकडे वळवलं. "मारता येते, पाहता नाही येत? मंग कायले मारता बे?"

पहिल्याच आठवड्यात मी कापसाच्या ठिपक्यांच्या बोंडअळीचं चित्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. दोन दिवस घासलं होतं. मास्तरांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा बशीतल्या अळीकडे, आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"पाय मोजा, बीएस्सी साहेब."

मी पुस्तकातला आकडा सांगितला.

"पुस्तकाचे पाय नाही इचारले. हिचे मोजा."

मोजले. पुढचा एक पाय नव्हता. मुंगीने खाल्ला असेल किंवा बोंडातून काढताना आमच्याच चिमट्याने गेला असेल. तिथे एक काळपट डाग होता. माझ्या चित्रात सगळे पाय जागच्या जागी होते. मास्तरांनी चित्र मधोमध फाडलं, मग पुन्हा आडवं फाडलं. "तुमी ही अळी नाही काढली. तुमी अळी हा शब्द काढला." तुकडे माझ्या टेबलावर ठेवून ते आपल्या कामाला लागले. त्या दिवशी मी वसतिगृहातल्या पोरासारखा रडलो. दुसऱ्या दिवशी मात्र तुटलेल्या पायाशी ती कुठे अडखळते ते दिसेपर्यंत अळीच्या चालण्याकडे बघत बसलो, आणि मला वाटतं माझं शिक्षण तिथून सुरू झालं.

त्यांचा एक नियम होता. चित्र पुरं होईपर्यंत कागदाच्या खाली नाव लिहायचं नाही. नाव माहीत असलं तरी नाही. बरणीवर, बशीवर, पाकिटावर, कुठेच नाही, फक्त आकडा. "आधी आकार, मग नाव. नाव लेहलं का माणूस पाहणं सोडते." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की आम्ही मागून नक्कल करायचो. पण त्यामागे एक राग होता, तो मी माझ्या दुसऱ्या वर्षी पाहिला.

ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. लाल, चकचकीत, पाठीवर काळे ठिपके, पोरं तळहातावर चालवतात. तो मावा खातो, म्हणजे शेतकऱ्याचा सोबती. पण त्याची अळी दिसायला भयंकर, काळी, काटेरी, लहानशा मगरीसारखी. मास्तरांनी ती अळी काढून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, खाली नाव न लिहिता. साहेबांना शेतकऱ्यांसाठी भित्तिपत्रक छापायची घाई होती. त्यांनी अळीच्या भेसूर रूपावरून ठरवलं आणि खाली लिहून टाकलं, 'कापसाचा शत्रू, दिसताच मारा.' पत्रक चार गावांत लागलं. लोकांनी डीडीटीची भुकटी मारून वावरंच्या वावरं साफ केली. त्या अळ्या मेल्या आणि मावा इतका माजला की पानं चिकट होऊन काळी पडली. मास्तर एका गावातून ते पत्रक उपटून घेऊन आले. साहेबांच्या खोलीत गेले. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, फक्त काच फुटल्याचा आवाज आला. साहेबांच्या टेबलावरची जाड काच मास्तरांनी शाईच्या दौतीने फोडली होती. दोन महिन्यांचा पगार कापला गेला. मास्तर त्याबद्दल एकदाच बोलले. "माझ्या हातानं काढलेली अळी होती, राठोड. तिले वळखून वळखून मारलं लोकायनं. माझं चित्र पाहून."

मी त्यांना कुंभारीण माशीचं घरटं फोडताना पाहिलंय. व्हरांड्याच्या वाशाला मातीचं बोटभर घरटं असायचं. ते त्यांनी पात्याने उभं चिरलं. आत सहासात हिरव्या अळ्या एकीवर एक रचलेल्या, आणि त्यांच्यात माशीचं एक पिल्लू, पांढरं, एका अळीच्या कुशीत तोंड खुपसून.

"मेल्या का या?" मास्तरांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी सुईच्या टोकाने एकीला हलकेच स्पर्श केला. तिचा जबडा हलला.

"मारत नाही ती. नांगी मारून लुळी करते, आन् जित्ती ठेवते. मेलं का सडते ना." पेन्सिलला टोक करत ते पुढे म्हणाले, "आमच्या गावाची रीत हेच हाय. आमाले मारून टाकलं असतं तं ढोरं कोनं ओढली असती?"

त्यांचं गाव राळेगावकडे. नाव लिहीत नाही, कारण त्या गावात अजून दोन्हीकडची माणसं राहतात. छप्पन्नच्या दसऱ्याला मास्तर आईला आणि धाकट्या भावाला घेऊन नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. वस्तीतली बहुतेक घरं त्याच गाडीने गेली होती. परत आल्यावर वस्तीने ठरवलं की मेलेलं जनावर ओढायचं नाही. मास्तरांचा भाऊ किसन पाटलाकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता. त्याने सालही मोडलं आणि वस्तीच्या वतीने पाटलाला तोंडावर सांगितलं, की आता ओढणार नाही. मास्तरांपेक्षा तो चौदा वर्षांनी लहान. बाप लवकर गेल्यामुळे मास्तरांनीच त्याला वाढवलेलं. ऑफिसात कधी त्याचं नाव निघालं की मास्तरांची मान जरा सरळ व्हायची.

मी लागल्यापासून तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, पाटलाचा एक बैल मेला. सकाळी लंगडत होता, दुपारी मागचा फरा सुजला, संध्याकाळी आडवा झाला. जनावरं राखणाऱ्या कुठल्याही माणसाला हा फऱ्या रोग आहे हे कळलं असतं. पाटलाने ओढायला वस्तीवर निरोप धाडला. वस्तीने नाही म्हटलं. पाटलाच्या माणसांनीही हात लावला नाही. बैल गोठ्यात तसाच पडून राहिला. गाव नाकाला फडकं लावून हिंडू लागलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सुजलेल्या फऱ्यावर विळ्याने काप घेतला, तर मांसात एक टोकदार, काळपट काडी सापडली.

'सुई,' एक जण म्हणाला.

हा आरोप फार जुना. वस्तीतले लोक कातड्यासाठी गुंजेच्या बियांची विषारी सुई करून ढोराला टोचतात, असं गावोगाव बोललं जायचं. ज्यांनी कातड्याला हात लावायचं सोडलं, त्यांनी कातड्यासाठी बैल मारला, यात काही चूक आहे असं त्या दिवशी कुणाला वाटलं नाही. एकाने सुई म्हटलं आणि मग ती काडी पुन्हा कुणी पाहिलीच नाही. आगपेटीत घालून ठेवली आणि लोक वस्तीवर गेले.

तो रविवार होता. मास्तर आईला लुगडं द्यायला गावी गेलेले. पुढचं मी त्यांच्याकडून नाही, त्यांच्या आईकडून ऐकलं, दवाखान्याच्या ओट्यावर. पऱ्हाटीच्या कुडांना आग लावली. एका बाईच्या डोक्यात पाटा घातला. विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं. किसनला गाडीच्या चाकाला बांधून चऱ्हाटाने मारलं, कान फुटून रक्त गळ्यात उतरेपर्यंत. मास्तर मधे पडले. गर्दीतल्या एकाने त्यांना ओळखलं. "हा साहेबाचा चित्र्या व्हय. याचा हात पाहा कसा बाईसारखा." तिघांनी धरून त्यांचा उजवा हात चाकाच्या लोखंडी धावेवर ठेवला आणि चौथ्याने गाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून त्यावर मारली. एकदा नाही. म्हातारी सांगत होती, "सुदाम वरडला नाई बाप्पा. तो हाताकडे पाहून राह्यला व्हता."

फौजदार आला. वस्तीवरचा हल्ला दोन्हीकडची मारामारी म्हणून लिहिला गेला. बैल मारल्याबद्दल किसनला धरलं. जामिनाला उभं राहायला कुणी नव्हतं, तो यवतमाळच्या जेलात गेला. सगळा आरोप आगपेटीतल्या त्या काडीवर उभा होता. जनावरांच्या डॉक्टरांनी ती पाहून लिहिलं की हा काहीतरी वनस्पतीचा अंश दिसतो, आमचा विषय नाही. आणि आगपेटी पत्रासह आमच्या ठाण्यात आली, माझ्या टेबलावर.

पत्राचा मथळा होता, 'गुंजेची सुई, तपासणीबाबत.'

मास्तर तेव्हा दवाखान्यात होते. मी आगपेटी उघडली. काळपट टोक दिसलं. तळाशी लाल रंगाचा एक कण दिसला, कडेला काळा, गुंजेच्या टरफलासारखा. भिंगातून मी पाच मिनिटं पाहिलं असेल. आणि लिहिलं, 'सोबतची वस्तू गुंजेच्या बियांपासून केलेली सुई असल्याचे दिसते.' खाली सही केली. सही करताना मला वाईट वाटलं होतं, हे खरं. मास्तरांच्या भावाचं कसं होणार असं मनात आलं होतं. पण आपण चुकतोय असं एका क्षणालाही वाटलं नाही. सरकारी पत्रात तसं लिहिलेलं होतं.

रिपोर्ट न्यायला शिपाई सोमवारी येणार होता. शुक्रवारी मास्तर दवाखान्यातून थेट ऑफिसात आले, हात गळ्यात बांधलेला. माझ्या टेबलावरचा कागद त्यांनी वाचला.

"काय पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"सुई."

"सुई हाय हे कोनं सांगतलं?"

"पत्रात लिहिलंय, मास्तर."

तेव्हा ती थप्पड बसली.

मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत मास्तर आपल्या टेबलाशी बसले होते. आगपेटीतली काडी त्यांनी पांढऱ्या बशीत ठेवली होती आणि दातात धरून ब्रशचं टोपण काढत होते. महिनाभर दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी डावा हात तयार केला होता, चादरीवर, भिंतीवर, औषधाच्या चिठ्ठ्यांवर, हे मला नंतर कळलं. पहिले तीन कागद त्यांनी फाडले. चौथ्यावर रेघ स्थिर झाली.

शुक्रवार दुपार आणि शनिवार पुरा त्यांनी ती काडी काढली. दिव्याच्या उजेडात ते कधीच काढायचे नाहीत, दिवा रंग बिघडवतो म्हणायचे. ऊन खिडकीतून सरकलं की टेबल सरकवायचं. मी शेजारी बसून एकेक रेघ भिंगातून ताडून बघत होतो, कारण सही मला करायची होती. हळूहळू कागदावर ती वस्तू मोठी होत गेली. सुईसारखं कठीण टोक. टोकाच्या मागे तांबूस केसांची दाढी, आणि ते केस सगळे मागे वळलेले, आत शिरेल पण बाहेर येणार नाही असे. त्यामागे दोरीसारखा पिळलेला, तुटलेला देठ. माणसाच्या हाताने वाटून, वळून केलेल्या वस्तूवर असे केस उगवत नाहीत. हे कुसळ होतं. माळावरच्या कुसळी गवताचं बी. त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या धोतरांत, पायजम्यांत ते शिरलेलं असायचं. ज्या माणसांनी रोज संध्याकाळी आपल्या बैलांच्या अंगातली कुसळं उपटून टाकली, त्यांनीच ते सुई म्हणून आगपेटीत ठेवलं होतं.

मी भिंग खाली ठेवलं. "मास्तर, झालं की. किसन सुटला."

"बशीत आनखीन काय हाय?"

तो लाल कण. मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होतो.

"तो राहू द्या," मी हळूच म्हणालो. "पत्रात फक्त सुईबद्दल विचारलंय. लाल तुकड्याचा उल्लेख नाही."

"आगपेटीत होता ना?"

"मास्तर, तो गुंजेचा असला तर? बाकी सगळं वाया जाईल. फुंकर मारली तर उडून जाईल तो. कुणाला कळणार आहे?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मारतील असं वाटून मी मागे सरलो. पण त्यांनी ब्रशचं टोक ओठांवर ओलं केलं आणि तो कण त्यावर उचलला. तो इतका हलका होता की ते बोलले असते तरी उडाला असता. त्यांनी श्वास धरला. बशी, ब्रश, भिंग. गळ्याची शीर फुगली होती. किसनला ज्या घरात त्यांनी रांगताना पाहिलं ते घर जळून गेलं होतं, किसन दीड मैलावर जेलात होता, आणि त्याचा सगळा जीव या माणसाच्या ओठांपुढे तीन इंचांवर, एका केसाच्या टोकावर होता. मी त्यांच्या जागी असतो तर श्वास सोडला असता. कण कोऱ्या काचेवर अलगद उतरला, तेव्हा मास्तरांनी तोंड बाजूला करून श्वास सोडला.

"आता मले सांगू नका हे काय हाय म्हून," ते म्हणाले. "मीबी मनात नाव घेणार नाही."

रविवारी सकाळी त्यांनी तो काढायला घेतला. आधी बाहेरची बाजू. लाल, चकचकीत, फुगीर, कडेला काळा डाग. कागदावर ते जसजसं उमटत गेलं तसतसं मला ते गुंजच वाटू लागलं. मास्तरांनाही तसंच वाटत असावं. ब्रश दोनदा थांबला. दुसऱ्या वेळी त्यांनी डावा हात टेबलाच्या कडेवर आपटला, तीनचार वेळा, बोटांचं कातडं सोलेपर्यंत. मग पुसला आणि काळा डाग पुरा केला, जेवढा होता तेवढाच.

दुपारी त्यांनी तो कण उलटा केला. आतली बाजू काढायची होती. बराच वेळ भिंगात पाहून त्यांनी नुसती पेन्सिल फिरवली. एक सरळ कड, दुसरी गोल. सरळ कडेला बारीक खाच, दुसरा भाग बसण्यासाठी असते तशी. आणि वरच्या कोपऱ्यात एक इवलासा सांधा. बी कुठेही फुटलं तरी त्याला सांधा नसतो. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"राठोड, आता नाव घ्या."

"ढालकिड्याचा पंख," मी म्हणालो.

कुठल्यातरी पोराने त्या आगपेटीत आधी ढालकिडा ठेवला असणार. मास्तर उठून मागच्या वावरात गेले. मी खिडकीतून पाहिलं, ते कापसाच्या ओळीत उकिडवे बसून ओकत होते.

जुना रिपोर्ट मी फाडला. नवा लिहिला, चित्र जोडलं. चित्राखाली मास्तरांचं नाव घालावं की नाही हे मी विचारलं. आरोपीच्या भावाचं चित्र कोर्ट मानणार नाही अशी मला भीती होती. ते म्हणाले, "चित्राखाली आमचं नाव कवा होतं? पन कोनी इचारलं तं खोटं नका सांगू."

कोर्टात विचारलंच. पाटलाच्या बाजूने मदतीला आलेल्या वकिलाने मला पहिला प्रश्न तोच केला. मी सांगितलं, आणि कोर्ट हसलं. मग मास्तरांना पिंजऱ्यात बोलावलं.

"म्हणजे भावाला वाचवण्यासाठी तुम्ही ही आकृती रंगवली," वकील म्हणाले.

"वाचवाले काढली असती तं हा लाल तुकडा काढला नसता जी."

मॅजिस्ट्रेट पुढे वाकले. "का?"

"तवा मले वाटलं व्हतं का तो गुंजीचा हाय."

"आणि तरी काढलात? तो गुंजेचाच निघाला असता तर?"

"तरीबी काढला असता."

किसन समोर, दोन शिपायांच्या मधे उभा होता. फुटलेला कान आमच्याकडे आणि चांगला कान मास्तरांकडे होता. त्याने ऐकलं हे मी त्याच्या मानेवरून ओळखलं.

मास्तरांनी खिशातून माळावरचं एक अख्खं कुसळ काढून मॅजिस्ट्रेटांच्या टेबलावरच्या टिपकागदावर ठेवलं आणि पाण्याचे दोन थेंब मागितले. ओलं होताच कुसळाचं शेपूट पिळा सोडत फिरू लागलं, आणि फिरता फिरता टोक टिपकागदात घुसलं. मॅजिस्ट्रेटांनी ते उपटायचा प्रयत्न केला तेव्हा कागद फाटून आला. ते स्वतः भिंग घेऊन बराच वेळ चित्र आणि आगपेटी आलटून पालटून पाहत राहिले.

पुढच्या तारखेला किसन सुटला. हल्ल्याचा खटला पुढे उभाच राहिला नाही.

त्या दिवशी मी पेढे घेऊन कोर्टाच्या फाटकाशी उभा होतो. किसन बाहेर आला. मास्तर पुढे झाले आणि डाव्या हाताने त्याची हनुवटी वळवून कान बघू लागले, अगदी बशीतली वस्तू बघावी तसे. किसनने हात झटकला.

"दादा, खरं सांग. तो गुंजीचा असता तं?"

"आत सांगतलं ना."

"तुले मी पुसून राह्यलो. कोर्टाले नाही."

"काढला असता, किसना."

"मी सडलो असतो आत."

"हो."

किसनने मारलं. बंद मुठीने, तोंडावर, आणि मग पुन्हा. जेलातल्या तीन महिन्यांनी त्याच्या अंगात फार जोर राहिला नव्हता, तरी मास्तरांच्या नाकातून रक्त आलं. लोक जमले. मी मधे पडायला गेलो तर मास्तरांनीच मला दंडाला धरून बाजूला केलं. त्यांनी हात उचलला नाही, तोंडही चुकवलं नाही. किसन थकेपर्यंत मारत राहिला आणि मग फाटकाच्या खांबाला टेकून मोठ्याने रडू लागला. "आपल्याच घरचा पाहून तरी," एवढंच त्याच्या रडण्यातून कळत होतं. मास्तर धोतराच्या सोग्याने नाक दाबून धरून उभे होते. जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण डावा हात थोडा वर झाला होता. पण त्यांनी तो खाली घेतला.

राळेगावची एसटी दोनला होती. त्या दोघांमागे काही पावलं ठेवून मी स्टँडपर्यंत गेलो. तिकिटं मास्तरांनी काढली, दोन. किसन आधी चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. मास्तर चढले, त्याच्या शेजारी जागा होती तिच्याकडे त्यांनी पाहिलं, आणि पुढे जाऊन पार मागच्या बाकावर बसले. गाडी भरली नव्हती. मधले बाक रिकामे होते. किसनने काचेला डोकं टेकवलं होतं, आणि मास्तर मान पुढे काढून त्याच्या फुटक्या कानाकडे टक लावून पाहत होते. गाडी वळली तेव्हाही पाहतच होते.

ते परत ऑफिसात आले नाहीत. राजीनामा टपालाने आला, राळेगावच्या शिक्क्याचा, डाव्या हाताच्या सरळ, स्वच्छ अक्षरात.